पंचाहत्तर किलोंचा मेहुणा

आमच्या भाऊजींना चहात साखर किती घालू असं विचारलं, तर "दोन चमचे" म्हणून ते मोकळे होत नाहीत. "कुठल्या चमच्याने?" असा उलट प्रश्न येतो. ताईच्या लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा आमच्या पुढच्या खोलीचं दार जमिनीला घासतंय हे त्यांना आधी दिसलं. मुलगी नंतर दिसली. "वरची बिजागरी तीन मिलिमीटर खाली आली आहे," हे त्यांनी आमच्या घरात उच्चारलेलं पहिलं वाक्य. आईला वाटलं, मुलगा जरा विचित्र आहे. बाबांना वाटलं, मुलगा उपयोगाचा आहे. पुढे दोघांचंही खरं ठरलं.

धंद्यात सगळे त्यांना फूटपट्टी म्हणतात. तेही तोंडावर. त्यांना त्यात अपमान वाटत नाही. फक्त, फूटपट्टीवर इंच असतात आणि आपण मिलिमीटरमध्ये काम करतो, एवढीच त्यांची तक्रार आहे.

त्यांचा धंदा म्हणजे परदेशी गाड्या कायद्यात बसवणं. दुसऱ्याच देशाच्या बाजारासाठी बनलेली गाडी कोणी हौसेने मागवतो. ती बंदरात उतरते, चकाचक दिसते, पण रस्त्यावर यायला तिला परवानगी नसते. तिचे दिवे भलत्या बाजूला झुकलेले, वेगाचा काटा मैलांत, धुक्यात लावायचा मागचा लाल दिवा गायब, इंडिकेटर नको त्या रंगाचे. बदली होऊन आलेल्या साहेबाला जुना शिपाई जसं ऑफिस समजावून सांगतो, तसं भाऊजी त्या गाडीला इथले नियम समजावून सांगतात. मग तपासणी केंद्रात तिची परीक्षा होते. एकोणीस वर्षांत भाऊजींची एकही गाडी नापास झाली नव्हती. ते हे कुणाला सांगत नसत. आम्हीच सांगायचो, आणि ते शेजारी उभं राहून एकूण गाड्यांचा आकडा दुरुस्त करायचे.

गल्लीच्या टोकाला त्यांचं वर्कशॉप आहे. दोन गाड्या मावतील एवढी जागा, पुढे शटर, शेजारी भंगारवाला आणि आत, शटरच्या समोर, ती भिंत. पांढरीशुभ्र, तिच्यावर काळ्या बारीक रेघा. शटर ओढून अंधार करायचा, गाडी ठरल्या खुणेवर उभी करायची आणि तिच्या दिव्यांचा उजेड त्या रेघांवर आणून बसवायचा, हे भाऊजींचं सगळ्यात नाजूक काम. त्या भिंतीला कुणी टेकायचं नाही. ताईने एकदा तिच्यावरच्या खिळ्याला ओला टॉवेल अडकवला, तर भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, ते भिंतीशी.

भिंतीच्या बाजूला एका फळीवर त्यांच्या सगळ्या साधनांचे दाखले चिकटवलेले आहेत. टेप, हवेचा दाब मोजायचं घड्याळ, लेव्हल, सगळ्यांचे. प्रत्येक साधन दर वर्षी तपासून घ्यायचं आणि नवा दाखला लावायचा असा त्यांचा शिरस्ता. त्या फळीवर खालच्या कोपऱ्यात एक दाखला माझा आहे.

हे जरा सांगायला हवं. नियम असा, की दिवे जुळवताना चालकाच्या जागेवर पंचाहत्तर किलोंचं वजन हवं. कारण गाडी कधी आपली आपण चालत नाही, तिच्यात कुणीतरी बसलेलं असतं. केंद्रात त्यासाठी शिक्का मारलेली वाळूची गोणी असते. भाऊजींनी सुरुवातीला तशीच गोणी केली, पण ती फुटली आणि वाळू कुणाच्या तरी गिअरमध्ये गेली. नेमका त्याच महिन्यात मी पाणीपुरवठा कार्यालयात खिडकीवर रुजू झालो होतो आणि डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलं होतं: वजन पंचाहत्तर किलो. भाऊजींनी तो दाखला दोनदा वाचला. मेहुणा फुटत नाही, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

तेव्हापासून दर शनिवारी मी वर्कशॉपमध्ये जाऊन अंधारात गाडीत बसतो. काम सोपं आहे. हलायचं नाही. ताई चहा आणि बिस्किटांचा एक पुडा आणून देते. गाड्या जास्त असल्या तर दोन पुडे. मी किती प्रकारच्या परदेशी गाड्यांत बसलोय, हे ऑफिसात सांगितलं तर लोक माझ्याकडे आदराने बघतात. त्या सगळ्या जागच्या जागी उभ्या होत्या, हे मी सांगत नाही.

आणि दर वर्षी, बाकी साधनं तपासायला जात तेव्हा, भाऊजी माझ्यापुढेही उभे राहून गंभीरपणे विचारायचे, "मेहुणे, वजनात काही बदल?"

मी म्हणायचो, "नाही."

ते मान डोलवायचे. झाली तपासणी. मी खोटं बोलत नव्हतो. माझी पँट चौतीसची होती, चौतीसचीच राहिली होती. माणसाला आणखी कसला पुरावा लागतो?

आता ताईविषयी. ताई कात्र्यांना आणि सुऱ्यांना धार लावते. केशकर्तनालयं, शिंपी, खानावळी, फुलवाले, सगळीकडे तिची गिऱ्हाइकं. अठरा किलोंचं धार लावायचं यंत्र पिशवीत घालून ती पिशवी उजव्या खांद्याला अडकवून ती अकरा वर्षं हिंडते आहे. एका संध्याकाळी ती आरशासमोर उभी असताना भाऊजी मागून टेप घेऊन आले, काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "तुझा उजवा खांदा अकरा मिलिमीटर उतरलाय." ताई म्हणते, एकोणीस वर्षांत त्यांनी तिच्याशी बोललेलं हे सगळ्यात प्रेमाचं वाक्य. पुढच्या आठवड्यात त्यांनी परदेशातून तिच्यासाठी गाडी मागवली.

गाडी म्हणजे काडेपेटी. उंच, अरुंद, दोन्ही बाजूंना सरकती दारं, चाकं एवढीशी. यंत्र आत उभं राहील, ताईही आत उभी राहील, आणि गिऱ्हाईक दारात येऊन कात्री देईल. चालकाची सीट थेट पुढच्या चाकांच्या डोक्यावर, आणि तीही आपल्या सवयीच्या उलट्या बाजूला. पहिल्या दिवशी आम्ही तिघंही चुकीच्या दाराने आत शिरलो आणि आपापल्या पाळीला हवेत स्टिअरिंग शोधलं. किल्ली फिरवली की आतून एक बाई परक्या भाषेत काहीतरी लांबलचक आणि फार नम्रपणे बोलायची. भाऊजींना ती बाई काढून टाकायची होती. ताई म्हणाली, "राहू द्या. या घरात माझ्याशी कुणीतरी पूर्ण वाक्यात बोलतंय."

भाऊजींनी काडेपेटीचं सगळं केलं. मैलांचा काटा काढून किलोमीटरचा बसवला, मागे धुक्याचा दिवा लावला, पुढचे दिवे बदलले. शनिवारी शटर ओढलं, मी बसलो, पुडा संपवला, उजेड रेघेवर बसला. सोमवारी गाडी केंद्रात गेली.

आणि नापास झाली. दिवे वर आहेत, समोरच्याचे डोळे दिपतील.

तपासनीस बाई बारीक, शांत आणि कमी शब्दांच्या. त्यांनी कागदावर आकडा लिहून दिला. भाऊजी तो कागद हातात धरून केंद्राच्या आवारात इतका वेळ उभे राहिले, की मागच्या गाडीवाल्याने त्यांना रांगेचा खांब समजून वळसा घातला.

घरी आल्यावर त्यांनी दिवे धरून ठेवणाऱ्या पट्ट्या बदलल्या. शनिवारी परत मी बसलो. उजेड परत रेघेवर, अगदी केसाइतकाही फरक नाही. सोमवारी गाडी परत नापास. आकडा तोच. "निदान सातत्य आहे," मी म्हणालो, आणि ताईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पुढचा आठवडा तिच्या हातात सुरी असताना तिच्या घरी गेलो नाही.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. परदेशी गाडीला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झाली, की ती आली तिकडे परत पाठवायची, नाहीतर मोडीत काढायची. परत पाठवणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. मोडीत काढायला कुठे लांब जायला नको, हे भंगारवाल्याने स्वतःहून येऊन सांगितलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो फक्त काडेपेटीच्या दारावर बोटाने टकटक करून पत्रा किती जाड आहे ते बघत होता. ताईने शांतपणे त्याचा हात दारावरून उचलला आणि त्याच्या खिशात ठेवून दिला.

ताईचं रोजचं चालूच होतं. सकाळी पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायची, बस. भाऊजी तिच्याकडे मागून बघत राहायचे.

मग त्यांनी स्वतःवरच संशय घ्यायला सुरुवात केली, आणि ते बघवत नव्हतं. लांब पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी जमिनीची पातळी तपासली. बरोबर. खुणेपासून भिंतीपर्यंतचं अंतर तीन वेगवेगळ्या टेपांनी मोजलं. बरोबर. टेप तपासून आणले. बरोबर. भिंतच कलली असेल म्हणून ओळंबा सोडला. तीही सरळ. मग त्यांची भूक गेली. वाढलेलं तसंच ठेवून ताटाकडे बघत बसायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "मेहुणे, एवढ्या सगळ्या गाड्या रस्त्यावर आहेत. त्यांचे सगळ्यांचेच दिवे चुकले असतील तर?" मी त्यांना धीर दिला. तुम्ही चुकणं शक्यच नाही म्हणालो. फळीवरचे दाखले दाखवले. माझाही दाखवला.

तिसऱ्या परीक्षेच्या आधीचा शनिवार. भर दुपारी शटर ओढून अंधार केलेला. मी काडेपेटीत बसलेलो, दिवे भिंतीवर, उजेड रेघेवर चिकटल्यासारखा. भाऊजी कोपऱ्यात गुडघ्यावर बसून परत ती पाण्याची नळी बघत होते. ताई बाजूच्या दाराने चहा घेऊन आली आणि कप स्टुलावर ठेवला. स्टूल माझ्या हाताच्या टप्प्यात नव्हतं. म्हणून मी उतरलो.

ताई भिंतीकडे बघत होती.

"परत बस," ती म्हणाली.

"चहा तर घेऊ दे."

"बस म्हटलं ना."

मी बसलो.

"आता ऊठ."

मी उठलो. असं चार वेळा झालं. शाळेत मला इतक्यांदा उभं केलं गेलं नव्हतं. पाचव्यांदा ती म्हणाली, "अहो, इकडे या. हा उतरला, की उजेड उडी मारतो."

भाऊजी न वळताच म्हणाले, की कुणीही उतरलं तरी गाडी थोडी उचलणार आणि उजेड थोडा वर जाणारच.

"थोडा म्हणजे किती?" ताईने विचारलं.

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला, की ते जेवता जेवता उठतात. ते आले. गाडीच्या पुस्तकात स्प्रिंगचे आकडे होते, ते घेऊन कागदावर हिशेब मांडला. पंचाहत्तर किलोंचा माणूस उतरला, तर या भिंतीवर उजेड चव्वेचाळीस मिलिमीटर चढायला हवा. मग टेप लावला. साठ.

त्यांनी परत मोजलं. साठ. त्यांनी कागदाकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच नीट माझ्याकडे पाहिलं. पायांपासून सुरुवात करून सावकाश वर. मधे बराच वेळ थांबले.

"मेहुणे, तुमचं वजन किती?"

"पंचाहत्तर," मी म्हणालो आणि बोटाने दाखला दाखवला.

ताई खाली जमिनीवर बसली. तिला हसू आवरत नव्हतं. डोळ्यांना पदर लावून ती नुसती हलत होती. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी शटर वर केलं, माझा हात धरला आणि मला शेजारी भंगारवाल्याकडे नेऊन त्याच्या मोठ्या काट्यावर उभं केलं.

एकशे तीन.

भंगारवाल्याने सवयीने पावतीपुस्तक उघडलं. "माल कसला लिहू?"

"मेहुणा," भाऊजी म्हणाले.

"निव्वळ की मिश्र?"

मी काटा खराब असल्याचं सांगितलं. भंगारवाल्याने त्याचा दाखला काढून दाखवला, गेल्याच महिन्यातला. भाऊजींनी तो आदराने वाचला. मग मी माझा हुकमी पुरावा काढला. पँट. चौतीसची. लेबल उलटं करून दाखवलं. ताईने डोळे पुसत माझ्या बायकोला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

ताईने पँटचं विचारलं. मग ही म्हणाली, "दुकानात चौतीसची मागतात, ती चढत नाही, मग चिडतात, आणि जेवतानाही चिडलेले असतात. म्हणून मीच मापाची आणते आणि जुन्या पँटचं लेबल उसवून नवीला शिवते. आता ते लेबल फार झिजलंय, ताई. यंदा काय करू तेच कळत नव्हतं."

भाऊजी फोनकडे वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, की एका वाहनाची नंबराची पट्टी काढून दुसऱ्याला लावणं, याला आमच्या धंद्यात फार मोठा गुन्हा समजतात. मग जरा थांबून म्हणाले, "शिवण मात्र छान आहे."

मी तिथेच काट्यावर उभा होतो. मला कुणी उतर म्हणालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी विसरणार नाही. भाऊजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. महिनाभर आजारी असलेल्या माणसाला घाम येऊन ताप उतरावा, तसे ते दिसत होते. भिंत बरोबर होती. जमीन बरोबर होती. ते स्वतः बरोबर होते. चूक तर सापडली होती, आणि ती काट्यावर उभी होती. इतक्या वर्षांत कुठेच कशी कळली नाही, याचंही उत्तर त्यांनी मला तिथेच समजावलं. बाकी गाड्या मोठ्या आणि जड, चालकाची सीट त्यांच्या पोटात मध्यावर. माझे अठ्ठावीस किलो त्यांत मुरून जायचे. काडेपेटीत मी थेट पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसत होतो, आणि तिचं नाक खाली दाबून धरत होतो. आम्ही नाक दाबलेल्या गाडीचे दिवे जुळवायचो. केंद्रात हलकी गोणी ठेवली, की नाक वर आणि दिवे आभाळात.

"म्हणजे नापास मी झालो," मी म्हणालो.

"दोनदा," भाऊजी म्हणाले. आकड्यात त्यांना चूक चालत नाही.

त्याच दुपारी पंचवीस किलोंचे पाण्याचे तीन कॅन त्यांनी त्या काट्यावर, कॅनच्या वजनासकट, काटेकोर भरले आणि काडेपेटीच्या सीटवर पट्ट्याने बांधले. मी बाजूच्या स्टुलावर बसून बघत होतो. कॅनना चहा दिला नव्हता, एवढंच समाधान. बिस्किटांचा पुडा आणला होता, पण तो ताईने स्वतःच उघडला.

सोमवारी आम्ही तिघं केंद्रात गेलो. तपासनीस बाईंनी चालकाच्या जागेवर गोणी ठेवायला लावली, किल्ली फिरवली, आणि गाडीतली बाई नेहमीसारखी नम्रपणे बोलली.

"काय म्हणते ही?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"आज पास करा म्हणते," ताई म्हणाली.

"मागच्या दोन वेळेलाही हेच म्हणाली होती." बाईंचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी यंत्र दिव्यांसमोर सरकवलं आणि डोळा लावला. ताईचा हात नकळत उजव्या खांद्यावर गेला. भाऊजींनी श्वास रोखून धरला. किती सेकंद, ते त्यांना नक्की माहीत असणार.

बाई सरळ झाल्या. "बरोबर. अगदी रेघेवर."

 ताईने गाडीच्या दारावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

पण एक कागद उरला होता. दोनदा नापास झालेल्या गाडीच्या अर्जात एक रकाना असतो: दोषाचे कारण आणि केलेली दुरुस्ती. तो भाऊजींना भरायचा होता.  या माणसाने आयुष्यात अर्जावर चुकीचं अक्षर लिहिलेलं नाही. तो कागद कायमचा फाइलला लागणार, आणि त्यावर माझं वजन. भाऊजींनी पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. खूप विचार केला. मग सावकाश, सुरेख अक्षरात लिहिलं: "मोजमापाच्या एका जुन्या साधनात कालांतराने वाढ झाली होती. साधन बदलले."

बाईंनी ते वाचलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. शिक्का मारला.

ताईने नंबराचा कागद काचेला लावला आणि पहिल्या गिऱ्हाइकाकडे निघाली. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात सात कात्र्या तिची वाट बघत होत्या. आम्हाला घरी सोडायचं तिला सुचलंही नाही. काडेपेटी आवाराच्या फाटकातून बाहेर पडली, आणि आतली बाई वळणावर काहीतरी बोललेलं आम्हाला ऐकू आलं. ताई तिला "हो, हो," म्हणाली.

आम्ही पायी निघालो. भाऊजी पावलं मोजत होते. मग म्हणाले, "वर्षभर पिशवी उचलली नाही, तर चार मिलिमीटर तरी वर येईल."

मी म्हणालो, येईल. आणि मग, मनात होतं ते विचारून टाकलं, की आता शनिवारी मी यायचं की नाही.

त्यांनी विचार केला. मालवाहू गाडीचे ब्रेक तपासताना शंभर किलो लागतात, म्हणाले. कॅन भरत बसायला वेळ जातो. "तुम्ही तीन किलो जास्त आहात. पण ते जमण्यासारखं आहे."

"कमी करतो," मी म्हणालो.

"घाई नको. पण मोजून. आणि पँटवर नाही."

गल्लीच्या टोकाला पोचलो, तेव्हा ते सरळ वर्कशॉपकडे न जाता शेजारी वळले. इतकं चालून काही फरक पडला का, ते त्यांना बघायचं होतं. भंगारवाल्याने आम्हाला येताना पाहिलं आणि पावतीपुस्तक काढलं.

"तोच माल?" त्याने विचारलं.